घरून एचआर : आधी टाइम ऑफिस, मग लॅपटॉप

‘मुलगी बारावी झाली, घरी बसून एचआरचं काम करील का?’ गंजाड, आशागडकडचे पालक विचारतात. करील, पण बारावीनंतर लगेच नाही.

एचआर म्हणजे नुसत्या मुलाखती, ही समजूत आधी सोडा. घरून नीट होणारं काम नोंदींचं आहे : हजेरीवरून पगारपत्रक, दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयसीचा भरणा, नेमणूकपत्रं, काम सोडणाऱ्याचा शेवटचा हिशेब.

या कामाचं मोल कुठे कळतं? पाड्यावरचा मुलगा ठेकेदारामार्फत तारापूर एमआयडीसीत लागतो. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि कंपनीच्या नोंदीत दुसरं. जन्मतारीखही जुळत नाही. काम सुटल्यावर तो पीएफ काढायला जातो आणि अर्ज नामंजूर होतो. ठेकेदार बदलताना जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) न सांगता नवा काढला असेल, तर पैसे दोन खात्यांत विभागून पडतात. कष्टाचा पैसा एका अक्षरापायी अडकतो, याची मला फार चीड येते. भरतीच्याच दिवशी आधार आणि पासबुक ताडून पाहिलं, काम सोडल्याची तारीख वेळेत भरली, तर यातलं बरंच टळतं. हे सगळं घरून करता येतं. आणि त्या मुलाशी फोनवर वारलीत बोलणारी गंजाडची मुलगी हे काम मुंबईच्या एमबीएपेक्षा सरस करील.

त्यासाठी बीकॉम किंवा कुठलीही पदवी घ्या, एक्सेल पक्कं करा आणि पहिली दोन वर्षं बोईसरच्या एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात, काढा. ओव्हरटाइमवरून वाद का होतो, हे घरबसल्या समजत नाही. पुढे शिकायचं असेल तर परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती याच लोखंड्यांच्या लढ्यामुळे.

आईवडिलांनो, लेक घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं धरू नका. पगाराच्या आठवड्यात लावणी आली तरी तिला कामावरून उठवू नका. शेकडो कामगारांची आधारकार्डं तिच्याकडे असतील; तो लॅपटॉप घरात इतरांच्या हाती देऊ नका. आणि ‘घरून काम देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा’ असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.