जुन्या पिकअप गाडीच्या पेट्रोल-टाकीची दुरुस्ती

शेतमाल वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाडीत पेट्रोलमापकाचा काटा अडकतो, किंवा टाकीच्या माथ्यावरील रबरी कडे झिजून पेट्रोलचा वास येऊ लागतो. हे भाग बदलता येतात. मात्र भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. हवेत पेट्रोलची वाफ शेकडा सुमारे १.४ ते ७.६ या प्रमाणात मिसळली की एका ठिणगीनेही स्फोट होतो. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून काम उघड्यावर करावे. चूल, कंदील, विडी दूर ठेवावी.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवावी. पेट्रोल हातपंपाने झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावे. नळी तोंडाने ओढू नये. टाकी हौद्याखाली असल्यास हौदा चौघांनी उचलावा, अथवा टाकीस खालून आधार देऊन मगच तिचे पट्टे सैल करावेत. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये.

माथ्यावरील माती पुसून तारांना व नळ्यांना खुणा कराव्यात. अडकणीचे कडे लाकडी खुंटीने ठोकून फिरवावे. लोखंडी छिन्नी वापरू नये. तरंगीची तार न वाकवता नवा भाग बसवावा व रबरी कडे नवेच घालावे. थोडे पेट्रोल ओतून गळती तपासावी, मगच बॅटरी जोडावी.

टाकीस भोक पडल्यास गावात वेल्डिंग करवू नये. पाण्याने धुतलेल्या टाकीतही वाफ उरते. अशी टाकी बदलणेच हिताचे, हे ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना समजावून सांगावे.