रोगनोंदीची नवी संकेतावली

आरोग्यविषयक कोणतीही योजना आखावयाची, तर लोक कोणत्या रोगाने आजारी पडतात आणि कोणत्या कारणाने दगावतात, हे प्रथम माहीत असावे लागते. ही माहिती रुग्णालयातील नोंदी आणि मृत्यूच्या कारणाची प्रमाणपत्रे यांतून गोळा होते. परंतु एकाच रोगाला एक डॉक्टर एक नाव देतो, दुसरा दुसरे नाव देतो, तर तिसरा केवळ लक्षण लिहून थांबतो. अशा नोंदींची बेरीज करता येत नाही. यास्तव प्रत्येक रोगाला एक ठराविक संकेतांक देण्याची पद्धती जगभर रूढ झाली आहे. 'रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण' या नावाने ती ओळखली जाते. या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य परिषदेने मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. ही आवृत्ती पूर्वीच्या आवृत्तीहून पुष्कळ तपशीलवार आहे. ती काय आहे आणि तिचा लाभ आपल्या राज्यातील सामान्य माणसापर्यंत पोहोचण्यासाठी कोणी काय करावयास हवे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'ताप' या एका सदराचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश हिंदुस्थानातील मृत्युनोंदींत मोजकीच सदरे असत. पटकी, देवी, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, इजा आणि इतर अशी ती वाटणी होती. गावपातळीवरील नोंद वैद्यकीय शिक्षण नसलेल्या ग्रामाधिकाऱ्यांकडून होई. साहजिकच हिवताप, विषमज्वर, क्षय असे परस्परांहून अगदी भिन्न असलेले रोग 'ताप' या एकाच सदरात जमा होत. मृत्यूंचा सर्वांत मोठा आकडा या सदरातच दिसे. परंतु त्यावरून डास मारावेत, पाणी शुद्ध करावे की क्षयरोग्यांची सोय करावी, हे ठरविणे शक्य नसे.

नेमक्या निदानाचे मोल मुंबई शहराने १८९६ मध्ये अनुभवले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात ताप आणि गाठी येऊन माणसे मरत होती. हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे निदान मूळचे गोमंतकीय असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. रोगाचे नाव निश्चित झाल्यानंतरच पुढील उपाययोजनेला दिशा मिळाली. पुढे मृत्युनोंदींत 'प्लेग' हे स्वतंत्र सदर आले.

एकशे एकसष्ट सदरांपासून सतरा हजारांपर्यंत

सर्व देशांनी रोगांची एकच यादी वापरावी, हा विचार युरोपात १८५३ साली ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत मांडला गेला. इंग्लंडमधील विल्यम फार आणि जिनिव्हा येथील मार्क देस्पिन यांच्याकडे यादी तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. साथीचे रोग, सर्वांगाचे रोग, अवयवानुसार रोग, वाढीशी निगडित विकार आणि इजा ही फार यांची ढोबळ विभागणी आजही या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे. पुढे फ्रान्सचे झाक बर्तियाँ यांनी तयार केलेली यादी १८९३ मध्ये शिकागो येथे मान्य झाली. तिच्या सर्वांत विस्तृत रूपात १६१ सदरे होती. १९०० मध्ये पॅरिस येथे तिची पहिली सुधारणा झाली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले, आणि त्या आवृत्तीत प्रथमच मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला.

दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. भारतातील मृत्यूच्या कारणांची वर्गवारी याच आवृत्तीवर आधारलेल्या राष्ट्रीय यादीनुसार भारताचे महानिबंधक यांचे कार्यालय प्रसिद्ध करीत आले आहे. अकराव्या आवृत्तीत सुमारे १७,००० संकेतांक असून त्यांद्वारे १,२०,००० हून अधिक वैद्यकीय संज्ञांची नोंद करता येते.

नव्या आवृत्तीची वैशिष्ट्ये

पहिले वैशिष्ट्य म्हणजे ही आवृत्ती संगणकासाठीच रचलेली आहे. जाड ग्रंथ उलगडून संकेतांक शोधण्याऐवजी रोगाचे नाव संगणकावर लिहिले की योग्य संकेतांक समोर येतो. जुन्या व नव्या संकेतांकांची गल्लत होऊ नये म्हणून नव्या संकेतांकातील दुसरे स्थान नेहमी रोमन अक्षराचे ठेवले आहे. शून्य व एक या अंकांशी साम्य असलेली 'ओ' आणि 'आय' ही दोन अक्षरे वगळली आहेत. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह दहाव्या आवृत्तीत 'ई ११' होता. आता तो '५ए११' झाला आहे.

दुसरे वैशिष्ट्य जोडणीचे आहे. मूळ रोगाच्या संकेतांकाला रोगाची बाजू, तीव्रता, अवयव, झालेली गुंतागुंत इत्यादी दर्शविणारे पूरक संकेतांक जोडता येतात.

तिसरी गोष्ट वर्गवारीतील बदलांची. उदाहरणार्थ, पक्षाघाताचा झटका दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या विकारांत मोडत असे. आता त्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांत होते. असा बदल झाला की रक्ताभिसरणाच्या विकारांचा आकडा एकदम घटलेला दिसतो. प्रत्यक्षात रोग कमी झालेला नसतो, केवळ सदर बदललेले असते. म्हणून आवृत्ती बदलताना काही काळातील त्याच त्या नोंदींना जुने व नवे असे दोन्ही संकेतांक देऊन दोहोंचे गुणोत्तर काढण्याची प्रथा आहे.

भारताच्या दृष्टीने आणखी एक बाब उल्लेखनीय आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतील व्याधिसंज्ञांना या वर्गीकरणात स्थान देणारा स्वतंत्र विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित करण्यात आला.

हे स्थित्यंतर सोपे नसते. अमेरिकेत रुग्णांच्या निदानासाठी नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीवर जाण्याची तारीख प्रथम १ ऑक्टोबर २०१३ अशी ठरली होती. ती दोनदा पुढे ढकलावी लागली आणि अखेर १ ऑक्टोबर २०१५ रोजी बदल झाला. त्या देशात निदानाचे संकेतांक सुमारे १४,००० वरून ६८,००० च्या वर गेले. डॉक्टर, रुग्णालये व विमा कंपन्या या सर्वांना नव्याने प्रशिक्षण घ्यावे लागले.

संकेतांक नोंदीहून सूक्ष्म असू शकत नाही

संकेतांक देणारा कर्मचारी रुग्णाला पाहत नाही. तो डॉक्टरांनी लिहिलेला कागद पाहतो. त्यामुळे कागदावर नसलेला तपशील कितीही प्रगत संकेतावलीतून निर्माण होत नाही. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका मधुमेही शेतमजुराच्या पायाला जखम झाली, ती चिघळून पाय सडला, जंतुदोष रक्तात पसरला आणि तो रुग्णालयात मरण पावला. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागात मृत्यूचे तात्कालिक कारण, ते ज्यामुळे उद्भवले ते पूर्ववर्ती कारण आणि सर्वांत खाली मूळ कारण, अशा क्रमाने ओळी असतात. दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणारे अन्य आजार लिहावयाचे असतात. डॉक्टरांनी 'रक्तातील जंतुदोष, पायाचा सडा, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह' अशी साखळी लिहिली, तर दहाव्या आवृत्तीनुसार 'ई ११.५' हा संकेतांक मिळतो. मधुमेहाने रक्तवाहिन्यांवर परिणाम झालेला होता, हे त्यावरून कळते. केवळ 'मधुमेह' लिहिले, तर प्रकार अनिश्चित असलेला 'ई १४' हा संकेतांक पडतो. आणि 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले, तर 'आय ४६' पडतो व मधुमेहाचा उल्लेखच नाहीसा होतो. हृदयक्रिया तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते. ती मृत्यूची रीत झाली, कारण नव्हे. अशी प्रमाणपत्रे जिल्ह्यात शेकड्यांनी जमली, तर तेथे मधुमेहींच्या पायांच्या तपासणीची गरज आहे, हे कोणाच्याही ध्यानात येणार नाही.

सर्पदंशाचे उदाहरण ग्रामीण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या शेतशिवारात आढळतात. दहाव्या आवृत्तीत विषारी सर्पाच्या दंशासाठी 'एक्स २०' हा संकेतांक असून त्यापुढील अंक घटनेचे स्थळ सांगतो. शून्य म्हणजे घर, सात म्हणजे शेत. दंश झोपेत घरी होतो की पेरणी-कापणीच्या वेळी शेतात, हे या एका अंकावरून समजते, आणि लोकांना कोणती काळजी घ्यावयास सांगावी तेही त्यावरून ठरविता येते. परंतु कागदावर 'श्वसन बंद पडले' एवढेच लिहिले, तर 'आर ०९.२' हा लक्षणांच्या प्रकरणातील संकेतांक पडतो. साप त्यात कोठेच नसतो.

ही उणीव किती मोठी आहे, याची कल्पना २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. घरोघरी जाऊन मृतांच्या नातेवाइकांकडून मिळविलेल्या माहितीच्या आधारे, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज त्यात मांडला आहे. वर्षाची ही सरासरी सुमारे ५८,००० येते. रुग्णालयांकडून कळविल्या जाणाऱ्या आकड्यांहून ती कितीतरी अधिक आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला आहे. मृत्यू निम्मे झाले की नाही, हे ठरविण्यासाठी ते आधी मोजले गेले पाहिजेत. प्रतिविषाच्या कुप्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किती ठेवाव्यात, हेही या मोजणीवर अवलंबून आहे. शिवाय कुटुंबाचा प्रत्यक्ष हितसंबंधही त्यात गुंतलेला असतो. सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली साहाय्य मिळू शकते. परंतु त्यासाठी मृत्यूचे कारण कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते.

कायद्याची तरतूद

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची नोंद करणे बंधनकारक असून २१ दिवसांच्या आत निबंधकास माहिती द्यावयाची असते. या अधिनियमात २०२३ मध्ये सुधारणा करण्यात आली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार मृत्यू कोणत्याही वैद्यकीय संस्थेत झाला, मग ती संस्था शासकीय असो वा खाजगी, तरी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या आजाराच्या माहितीसह, निबंधकास विनामूल्य देणे व त्याची प्रत निकटच्या नातेवाइकास देणे हे त्या संस्थेचे कर्तव्य आहे. मृत्यू घरी झाला असल्यास, अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते द्यावयाचे आहे. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ आणि अन्य ठिकाणच्या मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४-अ वापरला जातो.

येथे एक फरक लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. निबंधकाकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नमूद नसते. ते उघड करण्यास कायद्याचीच मनाई आहे. कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हा निराळा कागद असून नातेवाइकांनी त्याची प्रत मागून घेऊन जपून ठेवावी.

देशात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणांचे वैद्यकीय प्रमाणन झाले होते. म्हणजे पाचांपैकी सुमारे चार मृत्यूंबाबत कोणताही संकेतांक देण्यास आधारच नव्हता.

प्रत्येकाचा वाटा

नव्या आवृत्तीकडे जाण्याची पूर्वतयारी यावरून स्पष्ट होते. डॉक्टरांनी प्रमाणपत्रावर लक्षण किंवा मृत्यूची रीत न लिहिता मूळ रोग लिहावा, संक्षेप टाळावेत आणि अक्षर सुवाच्य ठेवावे. हिवताप असल्यास त्याचा प्रकार, मधुमेह असल्यास त्याचा प्रकार, क्षय असल्यास तो कोणत्या अवयवाचा आणि थुंकीच्या तपासणीने सिद्ध झालेला आहे काय, हे नमूद करावे. रुग्णालयांनी हे काम नवख्या निवासी डॉक्टरांवर सोडून न देता त्यांना त्याचे रीतसर शिक्षण द्यावे. ग्रामपंचायत व नगरपालिका क्षेत्रांतील निबंधकांनी अपूर्ण प्रमाणपत्र स्वीकारण्यापूर्वी त्यातील त्रुटी दूर करून घ्यावी.

नागरिकांचाही यात वाटा आहे. रुग्णाचे जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल घरात एकत्र ठेवावेत आणि डॉक्टरांनी विचारल्यास आजाराचा पूर्वेतिहास न लपविता सांगावा. दारू, क्षय किंवा मानसिक आजार यांचा उल्लेख टाळण्याकडे कुटुंबांचा कल असतो. तो समजण्यासारखा असला, तरी दाखल्यावर कारण छापले जात नसल्यामुळे बदनामीची भीती बाळगण्याचे प्रयोजन नाही.

एखाद्या घरातील माणूस गेल्यानंतर त्याच्या मृत्यूच्या कारणाची नेमकी नोंद झाली, तर त्या घराला न्याय्य साहाय्य मिळण्याचा मार्ग सुकर होतो आणि त्याच गावातील दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचविण्याची सोय करता येते. सतरा हजार संकेतांकांच्या या नव्या वर्गीकरणाचे सार्थक व्हावयाचे, तर त्याचा आरंभ रुग्णाच्या खाटेजवळ लिहिल्या जाणाऱ्या त्या चार ओळींपासून झाला पाहिजे.