सुख म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, कपड्याचा धंदा करणाऱ्या आपल्यातल्या काही जणी ड्रेस मटेरियल आणायला मुंबईत दादरच्या हिंदमाताला जातात. त्या बाजाराच्या आसपास, परळ-लालबागला, पूर्वी कापडगिरण्या होत्या. गावाहून एकटे आलेले कामगार जेवायला खानावळवाल्या बायकांकडे असायचे. चाळीतल्या छोट्या खोलीत पहाटेपासून शेगडी पेटायची. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर यायचे, तोवर किराणा उधारीवर. मग वाण्याचं व्याज. राबायचं हिनं, नफा दुसऱ्याला!

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गहाण ठेवायला काही नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. ओळखीचं वाटतंय ना?

आता थोडं लांब जाऊ. सुमारे 2300 वर्षांपूर्वी ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचे विचारवंत होते. सगळ्यांना सुख हवं, पण सुख म्हणजे काय, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या भाषेत शब्द आहे ‘युडायमोनिया’. जत्रेतली मजा संध्याकाळी सरते, तसलं हे सुख नव्हे. आपल्या अंगचे चांगले गुण वापरत आयुष्यभर नीट जगत राहणं, ते सुख. आणि गुण येतात सरावानं. घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसंच धीराचं. मात्र थोडा पैसा आणि जिवाभावाची माणसं लागतातच, हेही त्यांनी मान्य केलं. (बायकांना त्यांनी पुरुषांपेक्षा कमी लेखलं, ते काही आपल्याला पटायचं नाही.)

आता त्या खानावळवालीकडे परत बघा. जामीन राहताना ती दुसरीवर भरवसा ठेवायला शिकते, हप्ता भरताना शब्द पाळायला. ॲरिस्टॉटलच्या हिशोबानं हे सुखाकडे जाणारी नुसती वाट नाही, सुखच आहे.

पण नशिबाचं काय? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. जेवणारेच गेले, तर खानावळ कशी चालणार? यावर ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की चांगला चांभार मिळेल त्या चामड्यातून होईल तेवढा चांगला जोडा करतो. मंडळातल्या बायकांनी केटरिंगचीही कामं केली. सगळ्याच घरांचं निभावलं असं नाही. कित्येक कुटुंबं गावी परतली.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की प्रत्येकीनं एवढं सांगायचं: गटात आल्यापासून, पैसा सोडून, मला काय जमायला लागलं? सचिवताईंनी ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.