मतदानाची तयारी



१५ जानेवारी २०२६ रोजी ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांसाठी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत त्यापूर्वी निवडणूक झाली होती ती नोव्हेंबर २०१५ मध्ये. म्हणजे तोवर सत्तावीस वर्षांच्या तरुणाने इथे नगरसेवकासाठी एकदाही मत दिलेले नव्हते!

महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडली जाते; या निवडणुकीसाठी ती १ जुलै २०२५ ची होती. आपले नाव कोणत्या प्रभागात गेले ते आधीच पाहा. प्रभागात चार जागा असतील तर मतेही चार. एकच बटण दाबून बाहेर पडू नका.

मला अधिक काळजी वाटते ती कातकरी कुटुंबांची. शहापूर-मुरबाडची ही माणसे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात मतदान आले की नाव पाड्यावर आणि माणूस भट्टीवर. स्वतःचे घर नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. नमुना ६ भरता येतो. मात्र नाव एकाच ठिकाणी राहते. ते पाड्यावरच असावे, कारण रस्ता-पाणी मागायचे ते तिथेच. विधानसभेच्या मतदानाला रोजंदारीच्या मजुरालाही कायद्याने भरपगारी सुट्टी असते. भट्टीमालकाला हे आधीच सांगून ठेवा.