आपोआप उगवलेले पीक

अभ्यासासाठी वाचन : लेवीय २५:१-७, अनुवाद २४:१९-२२, २ राजे ४:३८-४१, २ राजे १९:२९

बेळगावजवळ आमच्या मंडळीच्या आवारामागे सहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. पुष्कळ वर्षे तो एका वृद्ध गृहस्थांकडे खंडाने होता. गेल्या वर्षी हिवाळ्यात ते वारले आणि एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीने जमीन मंडळीच्या स्वाधीन केली. शब्बाथ शाळेच्या मुलांनी तेथे भाजीपाला करावा असे ठरले, आणि आम्हांला शेतीची थोडीफार माहिती असल्यामुळे ते काम आमच्याकडे आले.

जूनचा पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत, आम्ही एक दाणाही टाकला नसता, सारे रान हिरवे झाले. जागोजाग बटाट्याचे कोंब, टोमॅटोची दाट रोपे, बांधाला रताळ्याचे वेल, उकिरड्यावर दुध्या भोपळ्याचा एक जोमदार वेल, मधूनमधून राजगिरा व कोथिंबीर, आणि विहिरीकडेला रुंद पानांची एक रांग. पाहून तरुण संघात दोन पक्ष पडले. देवाने फुकट दिले आहे, ते ठेवा, असे एकाचे म्हणणे; सर्व उपटून रान स्वच्छ करा, असे दुसऱ्याचे. आम्ही दुसऱ्या पक्षाला मिळालो. एका शनिवारी दहाबारा मुले घेऊन विहिरीकडूनच सुरुवात केली. ती रुंद पाने कर्दळीची समजून पूर्ण रांग खणून बांधावर फेकली. मग पावसाची जोराची सर आली आणि बाकीचे काम तसेच राहिले.

सोमवारी मावशी, म्हणजे त्या गृहस्थांच्या पत्नी, सहज डोकावल्या. बांधावरचा ढीग पाहून त्या जागीच थांबल्या. “दादा, ही हळद हो. ह्यांनी बेण्याला म्हणून जमिनीतच ठेवली होती. त्यांच्या दुखण्यात काढायची राहिली, आणि मग आमच्या ध्यानातूनच गेली.”

आम्ही काय बोलणार? त्यांच्यासोबत ढिगाशी बसून कंद वेचले. दीड दिवसात पुष्कळ तुडवले गेले होते. अर्धी पाटी बेणे हाती लागले.

त्या रात्री आम्ही लेवीयचा पंचविसावा अध्याय काढला. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, पेरू नये, आणि मागच्या हंगामात गळालेल्या दाण्यांतून जे आपोआप उगवेल ते कापू नये, अशी तेथे आज्ञा आहे. ह्या उगवणीला इब्री भाषेत ‘साफीअह’ असा खास शब्द आहे. लगेच पुढच्या वचनांत मात्र जमिनीचे तेच उत्पन्न खाण्यास मोकळीक आहे. धन्याला आहे, तशीच दास, दासी, मजूर, उपरी, गुरेढोरे व रानातले पशू ह्यांनाही आहे. म्हणजे त्या वर्षी धन्याने धनी म्हणून विळा घेऊन उभे राहावयाचे नाही. इतरांच्या पंक्तीला बसून खावयाचे. पुढील काळात रब्बींनी आपोआप उगवलेल्या धान्यावर व पुष्कळशा भाज्यांवरही बंदी घातली. कारण लोक चोरून पेरत आणि ‘आपोआपच आले’ असे सांगत! मनुष्यस्वभाव किती जुना आहे, ह्यासाठी वर्गाला हे जरूर सांगावे.

हाच शब्द २ राजे १९:२९ मध्ये येतो. अश्शूरी सैन्याने देश तुडवला तेव्हा हिज्कीयाला चिन्ह मिळाले की, पहिल्या वर्षी आपोआप उगवेल ते, दुसऱ्या वर्षी त्यापासून येईल ते, आणि तिसऱ्या वर्षी पेरून कापलेले लोकांनी खावे. युद्धात पेरणी बुडालेल्यांना पडलेल्या दाण्यांनीच दोन वर्षे तारावयाचे होते.

आमच्या हळदीला मात्र अनुवाद २४:१९ अधिक लागू पडते. शेतात पेंढी विसरली तर ती आणण्यास परत फिरू नये. ती परदेशीय, अनाथ व विधवा ह्यांची. येथे विसरणारे घर विधवेचेच होते, आणि तिची पेंढी आम्ही उपटून टाकली होती. जमीन ताब्यात आली की त्यातले सर्व काही आपले झाले असे आपण धरून चालतो. कुदळ लावण्यापूर्वी मावशींच्या दारी जाऊन “जमिनीत तुमचे काही राहिले आहे काय?” एवढे विचारावयास आम्हांला पाच मिनिटे लागली असती.

विचारले असते तर आणखी एक गोष्ट कळली असती. बटाट्याचे कोंब तसेच राहिले होते, आणि हळदीच्या प्रकाराने हात पोळल्यामुळे आता काहीच उपटावयाचे नाही असे आम्ही ठरवून टाकले. जुलैच्या अखेरीस काही झाडे दुपारी माना टाकू लागली. पाने हिरवीच, जमिनीत ओल भरपूर. तरीही झाड कोमेजलेले. मावशी म्हणाल्या, “दोन वर्षांमागे अस्संच झालं होतं. निम्मा बटाटा कुजला.”

ही जिवाणूंमुळे होणारी मर. तिची परीक्षा कोणालाही घरी करता येते. कोमेजलेल्या झाडाचा खोडाकडचा तुकडा धारदार चाकूने कापावा व काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात त्याचे टोक बुडेल असा उभा धरावा. रोग असल्यास काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारख्या पांढऱ्या तारा खाली उतरताना दिसतात. आमच्या पेल्यात त्या दिसल्या. मुले अगदी गप्प झाली.

हे जिवाणू राहिलेल्या कंदात व मातीत टिकून राहतात आणि टोमॅटो, वांगी, मिरची ह्यांनाही धरतात. मागे राहिलेल्या बटाट्यात पुष्कळदा विषाणूरोगही असतात. मावा ते शेजारच्या शेतात नेतो. पावसाळी हवेतला करपाही अशा झाडांवरून पसरतो. शेजाऱ्याचे अर्धा एकर बटाट्याचे पीक बांधापलीकडेच होते, तेव्हा आमच्या फुकटच्या बटाट्याची किंमत त्याला मोजावी लागली असती. बटाट्याचा नुसता पाला तोडून भागत नाही. कंद खाली राहिला की पुन्हा फुटतो. मुळासकट, कंदासकट झाड काढावे आणि खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नये. आम्ही सर्व वाळवून जाळले, कुदळी धुतल्या, आणि त्या भागात तीन वर्षे बटाटा-टोमॅटोच्या कुळातले काहीही न लावता मका व ज्वारी घ्यावयाची असे ठरवले. रताळ्याचे वेलही काढले, कारण जुन्या वेलांत व कंदांत सोंड्या भुंगा घर करून राहतो.

टोमॅटोची रोपे त्याच मातीतली म्हणून गेली. ती निरोगी असती तरी फार आशा नव्हती. संकरित बियाण्याच्या फळातून पडलेल्या बियांना मूळ झाडासारखीच फळे येतील असे नसते. राजगिरा व कोथिंबीर मात्र निर्धास्तपणे खावी. आम्ही मुलांना जुड्या बांधून घरोघर दिल्या.

राहिला उकिरड्यावरचा दुध्या. अशा वेलाविषयी सुगरणींनी विशेष लक्ष द्यावे. भोपळ्याच्या फुलांत मधमाश्या एका वेलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. जवळपास कडू जातीचा वेल असेल तर त्या फळाच्या बियांतून पुढे कडू फळे येऊ शकतात. कडू दुध्यातले द्रव्य विषारी असते आणि शिजवल्याने ते जात नाही. कडू दुध्याच्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सल्ला साधा आहे : आधी लहानसा तुकडा चाखावा, कडू लागताच थुंकून फळ टाकून द्यावे.

गिलगालातील संदेष्ट्यांच्या शिष्यांची कथा मुलांना येथेच सांगावी. दुष्काळात एकाने ओळख नसलेल्या रानवेलाची फळे ओटीभर आणून हंड्यात चिरली, आणि तोंडात घास जाताच सर्व ओरडले. ती फळे इंद्रावणाची असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातही ह्याच जातीचे कडू द्रव्य असते. अलीशाने हंड्यात पीठ टाकले आणि देवाने त्यांना वाचवले. पण तो मनुष्य दुष्टपणाने गेला नव्हता, भुकेल्यांसाठी भाजी आणावयास गेला होता, हे शिक्षकांनी निसटू देऊ नये. आमच्या दुध्याचे पहिले फळ आम्ही स्वतः चाखले. गोड निघाले. तरी प्रत्येक फळ चाखूनच द्यावयाचे असा नियम ठेवला, आणि सप्टेंबरातले एक किंचित कडू लागले तेव्हा पूर्ण वेल काढला.

वाचवलेले अर्धी पाटी बेणे मावशींनी घरी नेले नाही. “इथंच लावा, पण पाटी लावा हो,” म्हणाल्या. विहिरीच्या पलीकडे, मर लागलेल्या भागापासून दूर, आम्ही ते त्यांच्या देखत लावले. शब्बाथ शाळेतील एका मुलीने फळीवर रंगाने लिहिले : ‘हळद. मावशींची.’