बदलता रोजगार आणि प्रौढांचे शिक्षण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली या पेठेच्या नावातच धान्य आहे. देशभरच्या धान्यपेठांतील मुनीम, मापारी व हमाल यांना १९५७ ते १९६२ या काळात आपले काम नव्याने शिकावे लागले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाच्या चौसष्ट पैशांच्या जागी शंभर नवे पैसे आले; ऑक्टोबर १९५८ पासून मण-शेर टप्प्याटप्प्याने जाऊन किलोग्रॅम रूढ झाला. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. पावकी-निमकी तोंडपाठ असणाऱ्याचाच हिशेब अडावा, असा हा बदल होता! ज्याला वाचता येत होते त्याला रूपांतराच्या कोष्टकांचा आधार होता. निरक्षराला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे भाग होते.

प्रगत देशही या अडचणीतून सुटलेले नाहीत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १६ ते ६५ वयाच्या प्रौढांची पाहणी करून डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिनलंड व जपान आघाडीवर आहेत. तथापि सदस्य देशांत सरासरी १८ टक्के प्रौढांना वाचन, गणित व समस्या सोडविणे यांपैकी एकातही प्राथमिक पातळी गाठता आली नाही. ज्यांचे शालेय शिक्षण कमी, त्यांचाच प्रशिक्षणातील सहभागही कमी, ही त्यातील खरी चिंतेची बाब होय.

आपल्याकडे २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात अक्षर-अंकज्ञानाबरोबर व्यवसायकौशल्यांचाही समावेश आहे. बाजार समितीच्या आवारात वर्ग भरवल्यास इलेक्ट्रॉनिक काट्यावरील आकडे व हिशेबपट्टी हेच पाठ्यपुस्तक ठरेल. वेळ मात्र लिलाव आटोपल्यानंतरची ठेवावी. त्याआधी हमाल मोकळा नसतो.