तारेवरचे ‘डंबेल’ कशासाठी?

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळच्या एकतुनी उपकेंद्राकडे जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनखाली आमचं शेत आहे. टॉवरजवळ तारांना डंबेलसारखी वजनं का लावतात? वादळात तार तुटू नये म्हणून का?

उत्तर : वादळासाठी नव्हे, मंद वाऱ्यासाठी! सेकंदाला 1 ते 7 मीटर वेगाचा एकसारखा वारा आडवा लागला की तारेमागे आळीपाळीने वर-खाली भोवरे सुटतात आणि ती थरथरू लागते. 400 केव्ही लाइनवर सर्रास असणारी ‘मूस’ तार सुमारे 32 मिलिमीटर जाडीची. 3 मीटर वेगाच्या वाऱ्यात ती सेकंदाला सतराएक वेळा कंप पावते. ही हालचाल जाडीपेक्षाही कमी, म्हणून खालून सहसा दिसत नाही. पण क्लॅम्पच्या तोंडाशी तार पुन्हापुन्हा वाकते, ॲल्युमिनियमचे पदर एकमेकांवर घासतात आणि कालांतराने एकेक तुटू लागतो. मोकळ्या, सपाट शिवारात हा धोका जास्त.

ते डंबेल म्हणजे स्टॉकब्रिज डॅम्पर. अमेरिकी अभियंते जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी 1920च्या दशकात तो शोधला. वजनांना जोडणारी पिळाची पोलादी दोरी वाकताना कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरवते. किती साधं आणि किती मोलाचं साधन! मात्र ते नेमक्या अंतरावरच हवं. डॅम्पर घसरलेला किंवा तारेचे पदर उसवलेले दिसले, तर टॉवरचा नंबर टिपून उपकेंद्राला जरूर कळवा.